मराठी फेज टूमध्ये

शाळेचं नाव टाकलं की जुगाराची जाहिरात उघडत होती.

"सुनील, एका पालकानं मोबाइलवर आपली शाळा उघडली तं पत्त्यायचा डाव सुरू झाला," गंगाधर सर फोनवर म्हणाले. "मले इचारते, सर, कोणता धंदा करून राह्यले तुमी?"

सर हसत नव्हते. ते आदिलाबादमधल्या एका खाजगी शाळेचे करस्पॉन्डंट. तेलंगणात शाळा चालवणाऱ्याला असंच म्हणतात. शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशी तीन माध्यमं. मी वेबसाइट बनवतो आणि त्यांची देखभाल करतो. या धंद्यात बनवण्याचं कौतुक होतं. देखभालीची आठवण असा फोन करतानाच येते.

कारण साधं होतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्या क्लार्कलाही नोटीस आणि फोटो टाकता यावेत म्हणून साइटच्या आत एक सॉफ्टवेअर असतं. त्याला सीएमएस म्हणतात. ते वेळोवेळी अपग्रेड करावं लागतं, म्हणजे त्याची नवी आवृत्ती बसवावी लागते. नाही बसवली तर जुन्या आवृत्तीतली भोकं चोरांना तोंडपाठ होतात. मी दरवर्षी सांगत होतो, सर दरवर्षी "पुढं पाहू" म्हणत होते. आता ॲडमिशन तोंडावर आल्या होत्या आणि साइटवर कोणीतरी पत्ते पिसत होतं.

मी प्लॅन लिहून दिला. आधी सगळ्याचा बॅकअप. मग स्टेजिंग, म्हणजे साइटची हुबेहूब नक्कल वेगळ्या जागी उभी करून सगळे प्रयोग आधी तिच्यावर करायचे. तिथे सगळं नीट चाललं की मगच खऱ्या साइटला हात लावायचा.

स्टेजिंगवर इंग्रजी पानं नीट उघडली. तेलुगूही उघडली. मराठी उघडलं तर पडद्यावर कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता खच. ही पानं फार पूर्वी एका जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली होती. एक प्लगिन, म्हणजे सीएमएसला जोडलेला छोटा प्रोग्राम, त्यांना वाचण्याजोगं करून दाखवत होता. तो बनवणाऱ्याने काम केव्हाच सोडून दिलं होतं आणि नव्या आवृत्तीत तो चालत नव्हता. फॉन्ट बदलून देणारी सॉफ्टवेअर असतात, पण ती अर्धंमुर्धं काम करतात. शेवटी कोणीतरी बसून पानं पुन्हा टाइप करावीच लागतात.

ती पानं वाघमारे बाईंची होती. मराठी माध्यमाचे लहान वर्ग त्याच सांभाळायच्या. प्रवेशाची माहिती, कोणत्या वर्गात काय शिकवतात, शाळेतून शिकून गेलेली मुलं आज कुठे आहेत, हे सगळं त्यांनीच लिहिलेलं. सरांनी मला आणि बाईंना ऑफिसमध्ये बोलावलं.

"किती दिवस लागतीन?" सरांनी विचारलं.

"मराठी धरून केलं तर ॲडमिशन सुरू होऊन जातील," मी म्हणालो.

"मंग मराठी मांगून करू. ते काय म्हनते तुमच्यात? फेज टू."

मोठं काम तुकड्यांत करायचं असलं की पहिल्या तुकड्याला फेज वन म्हणतात, उरलेल्याला फेज टू. मी म्हणालो, निदान पहिल्या पानावर एक ओळ टाकू की मराठी माध्यमाचे प्रवेश सुरू आहेत.

"एकच ओळ?" सर म्हणाले. "अशी भिकाऱ्यावानी काऊन? टाकू तं सगळं संगच टाकू, झोकात."

बाईंनाही ते पटलं. "मी घरी बसून टाइप करते ना, सर. अर्धवट नको. लोकं मनतीन, मराठीवाल्यायचं असंच असते." बाहेर जिन्यात मात्र त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, पहिलीत पोरं नाही आली तं औंदा वर्ग जाते, आन वर्गासंगं मी. लवकर पहा."

अपग्रेड सुरळीत झालं. जुगार गेला, साइट झपाट्याने उघडू लागली. सरांनी चहा पाजला आणि चार लोकांसमोर माझी पाठ थोपटली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग बाईंचा फोन आला. "भाऊ, जैनथ गावाकडचे पालक इचारून राह्यले, मराठी बंद झाली म्हने."

मी साइट पाहिली. ॲडमिशनच्या अर्जात माध्यम निवडायची जागा असते. सुरू असलेल्या पानांवरून सीएमएस ती आपोआप भरतं. मराठीची पानं फेज टूपर्यंत बंद, म्हणून मराठीचा पर्यायच नाही. इंग्रजी निवडा नाहीतर तेलुगू. मी लगेच सरांकडे गेलो.

"आजच्या आज पर्याय टाकतो," मी म्हणालो.

"आन कोनी दाबला तं? कोरं पान उघडंल. थांब जरा, बाई देऊनच राह्यल्या. ऑफिसात कोनी आलं तं सांगतीन ना पोरं."

ऑफिसातली पोरं म्हणजे दोन क्लार्क. एक बाप मुलीला घेऊन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. त्याने मराठीचं विचारलं. क्लार्कने स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाला, "नाही दाखवून राह्यलं. तेलुगूत टाका." मी मध्ये पडून सांगितलं की मराठी सुरू आहे. त्या माणसाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे, आणि तेलुगूचा अर्ज भरला. शाळा भिंतीपलीकडे भरत होती, बाईंचा आवाज ऐकू येत होता, पण विश्वास बसला तो स्क्रीनवर. मला राग आला. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून गिळून टाकला.

बाई रोज शाळा सुटल्यावर टाइप करत होत्या. मी अधूनमधून फोन करायचो. "होऊन राह्यलं," म्हणायच्या. काम खरंच होत होतं, फक्त ॲडमिशन त्यांच्यासाठी थांबणार नव्हत्या.

पेनड्राइव्ह घेऊन त्या आल्या तेव्हा पहिलीचा मराठी वर्ग काढायचा नाही असं ठरून गेलं होतं. वरचे वर्ग एकेक करून संपणार होते. बाईंना इंग्रजी माध्यमात हिंदी शिकवायला दिलं होतं.

"म्या बंद नाही केली," सर मला म्हणाले. "पोरंच नाही आली." ते मनापासून बोलत होते. मी बाईंचा पेनड्राइव्ह पुढे केला.

"मग ही पानं?"

"टाक ना. बाईनं मेहनत केली. 'आमच्याविषयी'मंदी इतिहास हाये ना, त्याच्यात टाक."

बाई माझ्या मागे उभ्या होत्या. "चालते," त्या म्हणाल्या. मी एकेक पान चढवत गेलो. एकही चूक नव्हती. माजी विद्यार्थी चढले, गॅदरिंग चढलं, वर्गांची माहिती चढली. पुढचं पान उघडलं: 'पहिलीचे प्रवेश सुरू आहेत. मुलांना घेऊन या.'

"ते राहू द्या, भाऊ," बाई म्हणाल्या, आणि तासाची घंटा झाली म्हणून निघून गेल्या.

आता माझ्या कुठल्याही प्लॅनमध्ये फेज टू नसते. जे काम पुढे ढकलायचं असेल त्याच्यासमोर मी सरळ 'बंद' असं लिहितो आणि क्लायंटची सही मागतो. ते चिडतात, म्हणतात, बंद कुठे करतोय आम्ही, मागून करणार आहोत. मी म्हणतो, मग तसं समजून सही करा. बहुतेक लोक सही करत नाहीत, काम आधी करून घेतात.