भैरवी लावायची नाही

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आमच्याच विंगमधला ट्रान्सपोर्टवाला उभा होता. पांढरा शर्ट, चेहरा पडलेला. दार माझ्या बायकोने उघडलं.

"वयनी, कदी झाला?"

"काय कधी झालं?"

"सायेब गेले ना?"

"गेलेत ना, आंघोळीला."

मी टॉवेलने डोकं पुसत बाहेर आलो, तर हा माणूस दोन पावलं मागे सरला. घरात सारंगी चालू होती. सकाळची तोडी. लिफ्टमधून उतरताना ती त्याच्या कानावर पडली आणि त्याने हिशेब केला. कुणी मोठा पुढारी गेला की रेडिओवरची गाणी बंद व्हायची आणि दिवसभर सारंगी चालायची. म्हणजे या घरात सारंगी आहे, तर इथेही कुणीतरी गेलंय. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. आमच्या पिढीतल्या बहुतेकांची सारंगीशी ओळख अशीच झाली.

पण माझं डोकं तापलं. माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ जाणारं वाद्य, आणि त्याला आपण फक्त मयताला बोलावतो? मी त्याला बसवलं, चहा दिला आणि तीच तोडी पहिल्यापासून लावली.

"आता सांगा, कोण मेलंय यात?"

त्याने कप संपेपर्यंत ऐकलं. "कोन नाय," तो म्हणाला. "कोनतरी कोनालातरी समजवतंय."

त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि तळमजल्यावरचा हॉल रविवारी सकाळी मागितला. हॉल त्या वेळी रिकामाच असतो. तो म्हणाला, घ्या.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनाचे हिशेब बघतो. गाणं शिकलेलो नाही, त्यामुळे भाषण करत नाही. माझी पद्धत साधी होती. एका रविवारी एकच राग, तीन काळांतला, आणि साथीला सारंगी हवीच. आधी जुनी तबकडी. तिच्यावर तीन मिनिटांपेक्षा जास्त जागाच नसायची, म्हणून गाणारीने आलाप, चीज, ताना सगळं त्यातच बसवायचं आणि शेवटी घाईने स्वतःचं नाव सांगायचं. मग रेडिओच्या जमान्यातलं गाणं. आणि शेवटी आजच्या एखाद्या गायकाची तासाभराची मैफल. तीन मिनिटांत मावलेली तोडी आणि तासात न मावलेली तोडी एकामागून एक ऐकली की लोक आपसांत भांडायला लागतात. मला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त भांडायच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, निवृत्त नर्स, एकट्या राहायच्या. पहिली खुर्ची त्यांची. "मेल्या, आवाज वाढव," हे त्यांचं रविवारचं पहिलं वाक्य. ट्रान्सपोर्टवाला मागे बसायचा आणि म्हणायचा, "मावशे, यांना मेल्या नको बोलू. मी एकदा फसलोय."

वर्षभर बरं चाललं. मग सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने विषय काढला.

"फ्लॅट बघायला लोक येतात आणि गेटवरूनच विचारतात, कोणाचं झालं? रेट पडतोय आपला. आणि ऐकायला येतात किती? चार म्हातारे!"

"बारा," मी म्हणालो. "त्यातले तीन चाळिशीच्या आतले."

"तेच ते. कशाला हवंय हे रडगाणं?"

रडगाणं हा शब्द मला लागला. मी उभा राहिलो. म्हणालो, गेटपाशी मी मोबाइलवर आवाज मोजलाय. सारंगीपेक्षा आपल्या लिफ्टच्या दरवाजाचा आवाज जास्त भरतो. लिफ्ट बंद करायची का? आणि गणपतीत आपल्याच आवारात काय वाजतं, ते मोजू का? काही जण हसले. सेक्रेटरीच्या लक्षात आलं की हा माणूस बसणार नाही. त्याने समजुतीचा सूर लावला.

"बरं, एकदम बंद नको. तुमची ही जी मैफल चालू आहे, ती संपू द्या. संपली की हॉल बंद. सगळ्यांना मान्य?"

हात वर झाले. मी शब्द नीट ऐकले होते.

"मैफल संपल्यावर," मी म्हणालो. "मान्य."

घरी येताना बायको म्हणाली, "गपचूप मान्य केलंत?"

"मैफल कशाने संपते?"

ती जिन्यातच थांबली आणि हसायला लागली.

मैफल भैरवीने संपते. गायकाने भैरवी घेतली की लोक चपला शोधायला उठतात. त्यानंतर दुसरा राग कुणी गात नाही. आणि भैरवी झाली नसेल, तर मैफल संपली असं कुणी म्हणत नाही. मग मी ठरवलं, भैरवी लावायची नाही. जौनपुरी लावली, देशकार लावला, बिलावल लावला. सेक्रेटरी दोन-तीनदा दारात डोकावून गेला.

"संपली ना मैफल?"

"भैरवी कुठे झालीय?"

"म्हणजे?"

मावशींनी मानही वळवली नाही. "भैरवीशिवाय मैफल संपत नाही रे. जा, कुणालाही विचार."

त्याने विचारलं असावं. नंतर बरेच रविवार तो आला नाही.

अडचण माझ्याच बाजूने आली. मावशींच्या मुलाने त्यांना बंगळूरला न्यायचं ठरवलं. जाण्याआधीच्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या.

"मला भैरवी ऐकव. हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर. घरी एकटीने नको."

"मावशी, लावली तर हॉल जाईल."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "नको मग. हॉल सोडू नकोस."

त्या गेल्यावर मला बसवेना. पळवाट काढून हॉल राखला होता, आणि ज्यांच्यासाठी राखला त्यांनाच नाही म्हणालो होतो. मग मला दादांची कॅसेट आठवली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रेडिओवरची गाणी कॅसेटवर उतरवून घ्यायचे. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. त्यांची सगळ्यात आवडती भैरवी त्यांनी बाजूच्या शेवटी घेतली. गाणारी बाई अस्ताई अंतरा गाऊन परत मुखड्यावर येते, लय चढते, ती समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबणार, आणि खट्. फीत संपली. लहानपणापासून मी ती भैरवी एवढीच ऐकलेली आहे. दादा दरवेळी उरलेली स्वतः गुणगुणायचे.

माझा टेपरेकॉर्डर कधीच गेला होता. ट्रान्सपोर्टवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "जुन्या ट्रकचा हाय. चालेल?" रविवारी तो ट्रकचा टेप आणि त्याला जोडायला बॅटरी घेऊन हॉलमध्ये आला. तारा काढून आमच्या स्पीकरला लावल्या. कॅसेट आत गेली. खरखर झाली आणि मग ती बाई गायला लागली. मावशी डोळे मिटून बसल्या. या वेळी आवाज वाढव म्हणाल्या नाहीत.

भैरवीची बातमी कुणीतरी सेक्रेटरीला दिली असणार. तो दारात येऊन उभा राहिला, घड्याळाकडे बघत. गाणं मुखड्यावर आलं. लय चढली. खट्.

चपला शोधायला कुणी उठलं नाही.

"झाली ना भैरवी?" सेक्रेटरी म्हणाला. "संपली मैफल."

"नाही झाली," मी म्हणालो. "सम आली नाही. फीत संपलीय, भैरवी नाही."

"अहो, पण भैरवी लावली ना तुम्ही?"

"लावली. झाली नाही. तुम्ही संपल्यावर म्हणाला होतात."

"अरदवट हाय, सेक्रेटरी," ट्रान्सपोर्टवाला बॅटरीच्या तारा सोडवत म्हणाला. "सगल्यांनी ऐकला."

बाजारात ट्रक वजनकाट्यावर पूर्ण चढायच्या आधी मी वजन मान्य करत नाही. इथेही केलं नाही. सेक्रेटरी वळला आणि निघून गेला.

मावशींनी डोळे उघडले. तुटलेला मुखडा त्यांनी हळूच गुणगुणायला घेतला आणि सम यायच्या आधी जाणूनबुजून थांबल्या.

"चहा आण, मेल्या," त्या म्हणाल्या. "मध्यंतर आहे."