डावीकडची खुर्ची

पडदा वर जातो. एक चिंचोळं स्वयंपाकघर. फ्रिजच्या दारावर जगाचा नकाशा, नळाखाली भांड्यांचा डोंगर, आणि मधोमध आईचा निळा कोट चढवलेली आपली नायिका. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी ही पोरगी परराष्ट्र खात्यात जायचं म्हणून इतकी झपाटली होती की गेले दोन महिने घरात साध्या भाषेत बोललीच नव्हती.

"भांडी कोण घासणार?" पलीकडच्या खोलीतून, शिलाई मशीनच्या खडखडाटावर मात करत आईचा आवाज.

"आपल्या मागणीची आम्ही सहानुभूतीनं दखल घेतली आहे."

"दखल नको, घासणी घे!"

"संध्याकाळी द्विपक्षीय चर्चा करू या," म्हणत नायिका पसार.

"चालल्या राजदूतबाई!" आई म्हणाली, आणि स्वतःशीच हसत सुईत दोरा ओवू लागली.

त्या दिवशी विद्यापीठात लुटुपुटूच्या वाटाघाटी होत्या. जो परीक्षकांच्या पसंतीला उतरेल त्याला उन्हाळाभर परराष्ट्र खात्यात उमेदवारी. जागा एकच. देश दोन, दोन्ही काल्पनिक. एकाला लांबलचक किनारा. दुसऱ्याकडे समुद्राचा थेंब नाही, त्याला शेजाऱ्याचं एक बंदर वापरायला हवं. नायिकेच्या वाट्याला आला हा कोरडा देश. तिनं त्याच्यावर जीव टाकला. तिथल्या पोराबाळांना मासे किती महाग पडत असतील, या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि ती पोरंबाळं तिनंच कल्पनेतून जन्माला घातलेली!

समोर उभा राहणार होता वर्गातला घोकंपट्टीचा राजा. सगळे त्याला 'पाठ्यपुस्तक' म्हणत.

सूचना होती: कोरड्या देशानं डावीकडे बसावं. आता डावं म्हणजे कुणाचं? या एका प्रश्नापायी किती नटमंडळी भलत्याच विंगेत जाऊन धडकली आहेत, म्हणून सांगू! सूचना लिहिणाऱ्यानं ती प्रेक्षकांच्या बाजूनं लिहिली होती. नायिका आली मंचाच्या मागच्या दारानं, आणि आपल्या डाव्या हाताच्या खुर्चीत ऐटीत बसली. देशांच्या पाट्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. पाठ्यपुस्तक धापा टाकत उशिरा आला आणि उरलेल्या खुर्चीत कोसळला.

पहिल्या रांगेत परीक्षक: एक निवृत्त राजदूत, पांढऱ्या मिशांचे. "किनाऱ्याच्या देशानं सुरुवात करावी," ते म्हणाले, आणि त्यांनी नायिकेकडे पाहून मान हलवली.

आपण किनाऱ्याच्या खुर्चीत बसलोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला हसूच फुटलं. उठावं? सगळं सभागृह बघतंय. गाल आतून चावत ती उभी राहिली.

"अध्यक्षमहोदय, आमच्या शेजाऱ्यांचं दुःख माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही."

यात खोटं काय होतं?

मग गाडी सुसाट सुटली. कोरड्या देशाची प्रत्येक लंगडी बाजू तिला तोंडपाठ. एकेक ती अलगद उघडी पाडत गेली. पाठ्यपुस्तकाचं पानच हरवलं.

"पण... पण हे तर मी बोलायचं होतं!"

"आपलं म्हणणं ऐकायला आम्ही आतुर आहोत," ती मधाळ आवाजात म्हणाली.

"आमच्याकडे मासे फार महाग आहेत हो," तो काकुळतीला आला.

"अय्या, मग मासे पाठवू की! दर आठवड्याला!"

सभागृह हसून लोटपोट. बंदर मात्र जागचं हललं नाही.

सगळं आटोपल्यावर राजदूतांनी तिला बाजूला बोलावलं.

"बाई, तुम्ही चुकीच्या खुर्चीत होतात."

"हो, सर."

"मग उठला का नाहीत?"

"मी उठले असते तर आमच्या देशानं माघार घेतल्यासारखं दिसलं असतं."

"आमच्या म्हणजे कुठल्या?"

"ज्याच्या खुर्चीत बसले होते, त्याच्या."

म्हातारबुवा मिशीत हसले. "उमेदवारी तुमची. सोमवारी खात्यात या."

ती उड्या मारतच दाराशी पोचली, तिथं थबकली, आणि वळली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"सर, आता एवढं केलंच आहे, तर त्या बिचाऱ्यांना एखादं छोटंसं बंदर द्या ना!"