बूट घालूनच यायचं

पैसे भरून कुणालाही गोल्फ खेळता येईल, असा बोर्ड खोपोलीला कामावर जाताना बसमधून दिसला आणि मी तिथल्या तिथे ठरवलं, आईला न्यायचं. तेही पुढच्या फाटकातून.

त्या मैदानाचं गवत आईनं लावलंय. एकटीनं नाही, आमच्या दहिवलीच्या बायकांनी मिळून. मी तेव्हा शाळेत होते. भाताची लावणी करतात तशी एकेक काडी ओळीनं खोचायची. झेंड्याभोवती जो अगदी गुळगुळीत तुकडा असतो, ज्याला ग्रीन म्हणतात, तिथं मुकादम कुणाला चप्पल घालू द्यायचा नाही. बायकांना त्याचं काही वाटलं नाही, सारवलेल्या खळ्यात तरी चपला घालून कोण जातं? गवत रुजलं, बायकांना टेंपोत बसवून मागच्या फाटकातून घरी पाठवलं, आणि पुन्हा कुणी आत बोलावलं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये हिरवा गालिचा दिसला की आई अजून म्हणते, आमचं याच्यापेक्षा चांगलं झालं असंल. झालं असंल! स्वतःच्या हातचं गवत वाढलेलं तिनं बघितलेलंच नाही. मला याचा राग येतो, आजही येतो.

आता तिचे गुडघे गेलेत. ऑपरेशन या वयात आणि एवढ्या साखरेत नको, चालतंय तोवर चालू दे, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

मैदानावर फोन केला. पलीकडच्या बाई गोड बोलल्या, पण बुटांशिवाय प्रवेश नाही म्हणाल्या. साडी चालेल का, विचारलं. त्या कुणाला तरी विचारून आल्या. साडी चालेल, बूट मात्र हवेतच. धाकटा भाऊ ऐकून हसला. हौसेला मोल नसतं खरं ताई, पण त्यापेक्षा तिला माथेरानला ने, म्हणाला. मी म्हटलं, माथेरान काय तिनं लावलंय?

आईचं तिसरंच. या वयात बूट घातले तर लोक तोंडात शेण घालतील म्हणे. कर्जतच्या दुकानात तिनं पाय साडीखाली ओढून घेतले. जन्मभर चिखलात रोवून बोटं फाकलेली, बायकांचा एकही बूट चढेना. शेवटी पुरुषांचे पांढरे घेतले. मग रोज संध्याकाळी अंगणात सराव. शेजारणी ओट्यावर बसून चिडवायच्या, कवायतीला चाललीस का गं? पहिले दोन दिवस आई चिडली, मग तीच दारात बूट घालून माझी वाट बघायला लागली.

त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. फाटकावरच्या माणसानं आधी बूट बघितले, मग आम्हाला. आत काठी मिळाली, चेंडू मिळाले. आईनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझा खांदा धरून ती सरळ झेंड्याकडे निघाली. ग्रीनच्या कडेला पोचली, कशीबशी खाली बसली आणि बूट काढायला लागली.

देखरेखीचा माणूस धावत आला. आजी, बूट घालूनच यायचं, म्हणाला. मी भांडणाच्या तयारीनं तोंड उघडलं, पण आईच बोलली.

"लावलं तवा घालू देत नव्हते, बाबा. आता काढू देत नाय. एकदा काय ते ठरवा."

तो बाजूला सरला. आई अनवाणी आत गेली, मधोमध थांबली आणि तळपाय हळूच गवतावर फिरवला. मग तिला रडू आलं, आणि तिच्याकडे बघून मलाही.

"चांगलं झालंय गं," ती म्हणाली.