गिअर सोडणारी मोटरसायकल

सिडनीतल्या त्या कडक लॉकडाऊनच्या हिवाळ्यात माझी मोटरसायकल चालता चालता गिअर सोडायला लागली. तिला क्लच नव्हता, पायाने टाकायचे गिअरही नव्हते; सगळं आपोआप, वायरींच्या भरवशावर. पुण्यात आयुष्यभर बिनगिअरची स्कूटर चालवलेल्या बाईला दुसरं काय झेपणार? पण गाडी तापली आणि हळूहळू चालवायची वेळ आली, की ती मध्येच न्यूट्रलमध्ये जायची. मूठ पिळली तर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागच्या जागी. एकदा सिग्नल सुटल्यावर हेच झालं आणि मागच्या ट्रकने अगदी पाठीशी येऊन करकचून ब्रेक मारला. गाडी मी ढकलत कडेला नेली.

ट्रेनने जा, असं सांगणारे खूप भेटले. त्यांचं काय जात होतं? माझ्या नवऱ्याला नवी किडनी बसवून वर्षही झालं नव्हतं. ती अंगाने स्वीकारावी म्हणून दिलेल्या गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती पार खाली आणलेली. त्याला कोविड झाला तर काय, हे डॉक्टरांनी शब्द चाचपडत सांगितलं होतं, आणि तेवढं मला पुरे होतं. कार दारात उभी होती, पण मला येत नव्हती, आणि त्याला मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. म्हणून घर ते लॅब आणि लॅब ते घर, एकटी, मोटरसायकलवर. रोज निघताना तो म्हणायचा, "पोचलीस की मेसेज कर." आणि मेसेज जाईपर्यंत फोन हातात धरून बसायचा.

गाडीच्या या दुखण्यावर कंपनीने डीलरांना सर्व्हिस बुलेटिन पाठवलेलं होतं: गिअरचा सेन्सर तापला की चुकतो, फुकट बदलून द्या. अट एकच, वर्कशॉपने बिघाड स्वतः पाहिलेला हवा. आणि आमची बया मेकॅनिकसमोर अगदी गुणी बाळ. दोनदा नेली, दोन्ही वेळा तो चक्कर मारून आला आणि नकारार्थी मान हलवली.

"रस्ते रिकामे आहेत," तो म्हणाला. "ही तापणार कुठे?"

"माझ्या अंगावरून ट्रक गेला की दिसेल का तुला?" मी भडकलेच.

मग माझ्याच डोक्यात आलं. आमच्या भागातून कामावर जाणाऱ्यांना ठरावीक दिवसांनी टेस्ट सक्तीची होती. गाडीत बसल्या बसल्या नाकात काडी घालून घ्यायची, आणि त्याआधी तासन्‌तास इंच इंच सरकायचं. मेकॅनिकही आमच्याच भागातला.

"तुझी पुढची टेस्ट कधी?" मी विचारलं.

"उद्या."

"मग माझी गाडी घेऊन जा. एवढं ट्रॅफिक आता अख्ख्या सिडनीत कुठे नाही."

तो पोट धरून हसला, पण घेऊन गेला. मी दोन दिवस रजा टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन. "नर्सच्या पुढ्यातच गिअर सोडला हिने, मेट! मागचे हॉर्न मारून वैतागले." कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले.

सेन्सर त्याच्याकडे होताच. त्याच्या पुढच्या दिवशी गाडी आणायला चालत गेले, तेव्हा जुना सेन्सर तळहातावर ठेवून, मास्क हनुवटीवर ओढून तो मला समजावत बसला. मीही वाकून वाकून बघत होते. सुपारीएवढा तुकडा, आणि त्याच्यापायी माझं रक्त आटलं होतं. घरी येताना मुद्दाम आमच्या स्कोफिल्ड्स भागातल्या गल्ल्यागल्ल्यांतून रेंगाळत फिरवली. एकदाही गिअर सुटला नाही. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते.

गॅरेजमध्ये इंजिन बंद केलं आणि फोन वाजला. वर्कशॉपचा मेसेज होता. आमच्या मेकॅनिकची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे, आज त्याच्याशी संबंध आलेल्यांनी वेगळं राहावं.

गॅरेजचं आतलं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. फोडणीचा वास येत होता. गाडीचा आवाज ऐकून नवरा दाराशी आलाच होता, कडी सरकवल्याचं मला ऐकू आलं.

"दार उघडू नकोस," मी ओरडले.

मग त्याचा घाबरलेला आवाज. "काय झालं गं? पुन्हा गिअर सुटला का?"

"नाही रे," मी म्हटलं. "गाडी एकदम छान झाली. तू आतून कडी लाव."