फोटोतले दात

पवनी गावात माझ्या दातांच्या दवाखान्यासमोर एका फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. बोलताना तो माणसाच्या डोळ्यांकडे कधी बघत नाही, दातांकडे बघतो. "थोडं हासा ना जी," एवढंच म्हणतो. मग कॉम्प्युटरवर सगळ्यांचे दात चुन्यासारखे पांढरे करतो. तेच फोटो घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि "असे करून द्या" म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात कोंढा गावची एक मुलगी आली. त्याने काढलेल्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या फोटोसारखे दात लग्नात दिसावेत म्हणून तिने बाजारातलं जेल रात्रभर लावून ठेवलं होतं. हिरड्या पार भाजल्या होत्या. हे मी त्याला सांगितलं. दुपारी तो शटर अर्धं ओढून दवाखान्यात आला.

"मॅडम, दाताचा असली रंग कोणता असते?"

मी त्याला रंग जुळवायची नमुन्याच्या दातांची पट्टी दाखवली. आधी तपासणी आणि सफाई, मग हिरड्या झाकून औषध; तरी रंग काही छटाच उजळतो, आणि कॅप तर उजळतच नाही, हे सांगितलं.

"मंग हा सगळ्यात पांढरा कोनाचा असते?"

"फार थोड्यांचा."

त्याने पट्टी खिडकीशी नेऊन फोटो काढला, मग ट्यूबलाइटखाली पुन्हा काढला.

परवा त्याच्या दुकानात एक नवरदेव कुरकुरत होता, "भाऊ, माये दात पिवळे दिसून राहिले."

तो मान वर न करता म्हणाला, "तुमचेच आहेत जी."