वैनीचा खटका

कारखान्याचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. त्यांना जुन्या दिवसांचं काहीतरी छापायचं आहे. त्या वेळचे लोक आता उरले नाहीत, तुम्ही तेवढं लिहून द्या, म्हणाला. माझी शाळा चौथीपर्यंत. पण आयुष्य त्या कारखान्यात गेलं, त्यामुळं सांगण्यासारखं आहे. तो पहिल्यांदा आला तेव्हा ही होती, चहा हिनं दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ही नव्हती. चहा सुनेनं दिला. लिहून टाकतो.

मी वडूजकडचा. आमच्याकडं पाऊस बेताचा, रान माळाचं. लढाई लागली तशी गावातली बरोबरीची पोरं फौजेत गेली. मला छातीच्या मापाला नापास केलं, म्हणून मी सांगलीला आलो आणि कारखान्यात लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडी, एक ओतशाळा आणि एक तेलाचं इंजिन. इंजिन थंडीत लवकर सुरू होत नसे, त्याला शिव्या घालायचं काम माझ्याकडं होतं. मालकांच्या वडिलांनी नांगराच्या फाळापासून धंदा काढला होता. मग मोटेची चाकं, मग उसाचे चरक. आमचा चरक कऱ्हाडापर्यंत गुऱ्हाळांवर चालायचा.

लढाईत लोखंड मिळेना. चरक बंद पडायला आले. पण लाकडाला मागणी आली. रेल्वेला स्लीपर पाहिजेत, फौजेला खोकी पाहिजेत. पेट्रोल नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालायला लागल्या, त्यांना कोळसा पाहिजे. महाबळेश्वरच्या खालचं रान, कोयनेचं खोरं, जिकडंतिकडं ठेकेदार शिरले. झाड पाडणं सोपं असतं. पाडलेलं झाड दरीतून वर आणणं अवघड. तिथं बैलाचा पाय ठरत नाही.

आमच्या मिस्त्रीनं चरकाची दातेरी चाकं घेतली, मध्ये लोखंडी ढोल बसवला, ढोलाला तारेचा दोर बांधला आणि दोन बाजूंना दोन दांडे लावले. दोघांनी दांडे फिरवायचे. दोर ढोलावर गुंडाळत येतो आणि ओंडका चढण चढतो. आम्ही त्याला रहाट म्हणायचो. चाकावर एक लोखंडी खटका पडलेला असे. ओढताना तो टकटक वाजत जातो आणि माणसं दम खायला थांबली की दातात अडकून बसतो. मग हात सोडला तरी चाक उलटं फिरत नाही. सगळा भार त्या एका खटक्यावर. पुढं आम्ही चक्री करवतीचं टेबल केलं, बुंधे वाहायची बुटकी गाडी केली, ओंडका धरायचे मोठे चिमटे केले. पण रानातलं आमचं पहिलं यंत्र रहाट.

पहिला रहाट कृष्णेच्या काठावर बाभळीचं खोड ओढून पाहिला. चांगला चालला. मग ठेकेदाराला दाखवायला तो कोयनेच्या खोऱ्यात न्यायचं ठरलं. आता त्या जागेवर धरणाचं पाणी आहे. मिस्त्री, मी आणि दुसऱ्या दांड्यावरचा माझा जोडीदार. टोळीला भाकरी करायला बाई पाहिजे होती. मिस्त्री मला म्हणाला, "तुझी कारभारीण आण की. न्हाईतरी तू हितनं तिकडं गेलास की तोंड पाडून बसशील."

आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. ती आली.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्याला दोष नाही. एरवी नाव तोंडातून गेलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं, असं तिच्या आईनं तिला सांगून पाठवलं होतं. मला हे खरं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं. ती मला 'आवं' म्हणायची.

खोऱ्यात आम्ही रहाट वरच्या अंगाला एका जांभळीच्या बुंध्याला साखळीनं बांधला. खाली उतारावर ऐनाचा ओंडका. ठेकेदाराची माणसं बघायला बसलेली. माणूस कमी पडत होता, म्हणून भाकरी झाल्यावर हिला कामाला घेतलं. आम्ही थांबलो की तिनं बाजूनं जाऊन ओंडक्याच्या मागं दगड सारायचा आणि परत बाजूला व्हायचं. काम सोपं.

ओंडका निम्म्यावर आला. आम्ही थांबलो. ती खालून ओरडली, "आवं!"

माझा जोडीदार दांडा सोडून म्हणाला, "कुणाला आवं म्हंतीयास वैनी? हितं समद्यांची लग्नं झाल्यात."

ठेकेदाराची माणसं हसली. मीही हसलो.

"आवं, लाकूड मागं येतंय!"

"दगड लाव!"

"लावलाय की! तरीबी रेटतंय!"

मिस्त्री म्हणाला, "खटका धरून हाय. बाई, दगड नीट बसला नसंल, दुसरा लाव."

खटका धरून नव्हता. त्याच्या बिडाला चीर गेली होती. लढाईच्या दिवसांत भंगार वितळवून ओतलेलं बीड, त्यात काय असेल सांगता येत नसे. आम्ही थांबलो की चाक थोडं थोडं सरकत होतं आणि भार तिच्या दगडावर येत होता. वरून आम्हाला ते दिसत नव्हतं. तिला दिसत होतं. मिस्त्री ठेकेदाराला काही सांगत होता. जोडीदार तंबाखू मळत होता. मी दांड्यावर वाकून बेअरिंगला तेल घालत होतो.

तिनं परत हाक मारली. "आवं! आवं!" मी मान वर केली नाही. असेल काहीतरी, म्हणालो.

मग तिनं माझं नाव घेतलं. नुसतं नाव, एकेरी, आई शेतातून मारायची तशी मोठ्यानं.

मला आधी राग आला. एवढ्या माणसांत. मी तेलाची बुदली घेऊन ताठ उभा राहिलो आणि तिच्याकडं वळलो. तेवढ्यात दगड फुटला. खटका तुटला. दांडा उलटा गरगर फिरला. माझ्या पाठीला त्याचा वारा लागला. मी वाकलेला असतो तर जबडा जागेवर राहिला नसता, डोकंही नाही. ओंडका दरीत गेला, दोर सगळा सुटला आणि रहाट जांभळीला हिसका देऊन थांबला. ती बाजूला होती. तिला काही लागलं नाही. तिनं पदर तोंडात धरला होता.

सगळ्यांना वाटलं ती घाबरली. मलाही तसंच वाटलं.

सांजच्याला चुलीपाशी ती मला वाढेना. पातेलं पुढं सारून बसली.

"काय झालं?"

"माझ्या तोंडातनं गेलं."

"बरं झालं गेलं. न्हाईतर मी गेलो असतो."

"तुमाला कळत न्हाई. आयुष्य कमी हुतं."

"आगं, आज समदंच संपत हुतं. त्यातनं कमी किती करणार?"

ती हसली नाही. पुढच्या सोमवारपासून तिनं दर सोमवारचा उपास धरला. माझं जे काही तुटलं असेल ते जोडायला. तो तिनं कधी सोडला नाही. पोटुशी असताना नाही, आजारात नाही. मला साधी सर्दी झाली तरी ती माझ्याकडं अशी बघायची की बघवत नसे. मी खोकलो की तिचा हात थांबायचा. भाकरी थापत असली तर भाकरी थांबायची.

सांगलीला परत आल्यावर मिस्त्रीनं फरशीवर खडूनं काढून दाखवलं. ओतीव खटका तसाच ठेवायचा आणि चाकाच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक बसवायचा, भट्टीत घडवलेला. पहिला तुटला तर दुसरा धरणार. तेव्हापासून आमच्या प्रत्येक रहाटाला दोन खटके. माझा जोडीदार दुसऱ्याला 'वैनीचा खटका' म्हणायला लागला. ते सगळ्या शेडभर झालं. पुढं नुसतं 'वैनी'. एकदा पाटणकडून एका ठेकेदाराचा माणूस आला आणि स्टोअरच्या खिडकीशी म्हणाला, "आमची वैनी तुटलीया, दुसरी द्या." स्टोअरकीपर कोकणातून नवा आलेला, तो त्याच्या तोंडाकडं बघत बसला.

मी घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मुडदा बशिवला त्या मेल्याचा. रानारानात माझं नाव केलं." पण तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं. रहाट बांधणाऱ्या निम्म्या लोकांना ही वैनी कोण ते माहीत नव्हतं.

लढाई संपली. स्वातंत्र्य आलं. लोखंड मिळायला लागलं. कारखाना पंपांकडं वळला, पंपात पैसा होता. रहाट हळूहळू कमी झाले, मग कुणी मागेना. ज्यांना छापायचं आहे त्यांनी एवढं छापावं: चरकापासून रहाट झाला, रहाटाला दुसरा खटका कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या दिवसामुळं आला, आणि त्यानंतर आमच्या रहाटाचा दांडा लागून कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही.

ती या वर्षी गेली. आधी दवाखान्यात होती. आम्ही दोघंच असताना मी म्हणालो, "आता घे की एकदा नाव. कोण ऐकतंय?"

ती म्हणाली, "इतकी वर्सं उपास केलं, ते पाण्यात घालू व्हय?"

"मी ऐंशीच्या फुडं गेलो. अजून काय तुटायचं राहिलंय?"

"म्हणूनच न्हाई घेत. चाललंय ते चालू द्या."

नंतर ती फार बोलली नाही. बोलली ते पाणी मागण्यापुरतं.

बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, पुण्यवान होती. तिला हिरवं लुगडं नेसवलं. लाकडं आणायला थोरला मुलगा वखारीत गेला, मीही टेम्पोत बसलो, कुणी नको म्हणालं नाही. त्या वखारीत आमचा एक रहाट आहे. भिंतीकडेला गंजत पडलाय, मला तो माहीत होता. लाकडं भरत होते तोपर्यंत मी त्याच्यापाशी उभा राहिलो. दुसरा खटका उचलून सोडला. बसला दातात. परत उचलला नाही.

तेराव्याच्या आतच सोमवार आला. सून सकाळी म्हणाली, "आबा, साबुदाणा भिजवू का?" दर सोमवारी आमच्या घरात भिजायचा, तिच्या हाताला सवय झालेली.

मी म्हणालो, "कुणाला?"

 तिनं आत जाऊन डबा परत फळीवर ठेवला.

माझी तब्येत बरी आहे. डॉक्टर म्हणतो, हृदय चांगलं आहे. खोकला येतो सकाळी. त्या दुपारी सुनेनं भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं. मी जेवलो.