पुली चढवलेला कॉम्प्युटर

आमच्या कामतघर भागात शुक्रवारी कापडाचे लूम बंद. बाकीचे दिवस खालच्या कारखान्यात बाबांचे लूम अशी खटाखट करतात, की वरच्या खोलीत कॉम्प्युटरचा पंखा ऐकू येतो असं कोणी म्हणालं तर तो खुशाल थापा मारतोय समजा. मला तर पंख्याचा आवाज ऐकायचाच होता. प्रोसेसर नेमलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, तर तो कुठे दमतो ते आधी कानाला कळतं. म्हणून मुहूर्त शुक्रवारचा.

घाई का, तेही सांगते. ठाण्याच्या एका स्टुडिओने नोकरीसाठी माझं काम बघायला मागितलं होतं. स्वतः केलेली छोटी ॲनिमेशन फिल्म, शनिवारी सकाळपर्यंत. मी केला होता चालता लूम, त्यावरची एकूण एक तार वेगळी, थरथरणारी. कोणी सांगितलं होतं एवढं शहाणपण करायला? पण जन्मल्यापासून मी दुसरं काही इतकं जवळून बघितलेलंच नाही. त्या तारांचा हिशेब करता करता माझं जुनं मशीन रडकुंडीला आलं. त्याच्या चालीने गेलं असतं तर रविवार उजाडला असता आणि नोकरी हातची गेली असती. प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा कूलर माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात मावत नव्हता. प्रोसेसरबरोबर फुकट आलेला चपटा पंखा, सगळी मदार त्याच्यावर.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय करतंस?"

"ह्याचा स्पीड वाढवतेय."

"म्हंजे पुली मोठी केलीस."

लूम जोरात पळवायचा तर मोटरवर मोठी पुली चढवतात. मी केवढं समजावायची तयारी केली होती, बाबांनी एका पुलीत उरकलं. वर म्हणाले, "चढव, पन जरा जरा चढव. एकदम चढवशील तर तार तुटल."

मी जरा जरा चढवली. एक पायरी वर, मशीन पुन्हा चालू, चाचणी, तापमान. ठीक. अजून एक पायरी. ठीक. माझे हात शिवशिवायला लागले. पुढच्या पायरीला पठ्ठ्या निळा पडदा दाखवून आडवा झाला. व्होल्टेज किंचित वाढवलं, तर उठला आणि पळायलाच लागला. पंखा घुंई करत होता, तापमान अगदी काठावर, पण टिकून. फिल्म तयार करायला लावली. चित्रामागून चित्र पटापट पडायला लागलं, आणि मी एकटीच खुर्चीत बसून हसत होते. पैसा न खर्चता नवं मशीन घरात आलं होतं की हो.

मग पोटात कावळे ओरडतायत ते कळलं. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं. अर्धी भाकरी झाली नसेल, तोच पंख्याचा सूर चढला. चढत चढत गेला आणि एकदम बंद. लूम चालू असते तर मला पत्ताही लागला नसता.

उष्ट्या हाताने धावले. पडदा काळा. आणि डब्यावर वरपासून खालपर्यंत आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर.

आमच्याकडे सगळ्याला कव्हर असतं. मिक्सरला, टीव्हीला, पाण्याच्या फिल्टरला. कापसाची रुई उडते, बसते, काय करणार. आई पदराला हात पुसत मागून आली. "पंखा येवढा गरगरत व्हता, म्हटलं रुई ओढून घेल आत. म्हनून झाकलं."

"आई, ते चालू होतं गं."

तिचं तोंड एवढंसं झालं. "मेलं काय?"

मला माहीत नव्हतं. डबा निवेपर्यंत थांबले, मग बाजूचा पत्रा काढला. पंख्याखालच्या जाळीत रुईची अख्खी गादी बसली होती, किती वर्षांची कोण जाणे. आई शिलाई मशीनचा बारका ब्रश घेऊन आली. मी पंखा धरला आणि तिने जाळी साफ केली, फटीफटीतून, हळू हळू.

बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग बीप वाजली. जीव भांड्यात पडला. आधी झालेली चित्रं जागेवर होती, आणि तापमान बघते तर सकाळपेक्षा बरंच खाली. मला राहवेना. अजून एक पायरी चढवली. पळाला, आणि मी आईला गच्च मिठी मारली.

ती शेजारीच बसून राहिली, घडी केलेलं कव्हर मांडीवर घेऊन. बाबा खोलीत आले तर म्हणाली, "दार लाव, रुई येते." दिवे लागायच्या सुमारास शेवटचं चित्र पडलं. फिल्म पाठवली आणि मशीन बंद केलं. आई कव्हर घेऊन उठली, पण आधी तिने डब्यावर तळवा ठेवला, ताप बघतात तसा.

"अजून अंग गरम हाय," म्हणाली, आणि परत खाली बसली.

स्टुडिओने मला घेतलं. पहिल्या दिवशी निघाले तेव्हा मी चप्पल घालत होते, तर आई शिलाई मशीनवरची टेप माझ्या हातात देऊन म्हणाली, "तिथल्या डब्याचं माप घेऊन ये. बंद केल्यावरच घालायचं, असं सांग त्यांना."